गरोदरपणाचं कार्ड वाचायचं कसं, आणि ते बाईजवळच का हवं

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत कुणाला दिवस गेले की महिन्याभरात एक फाइल तयार होते. सोनोग्राफीचे रिपोर्ट, लॅबचे कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आणि कुणी काटेकोर असेल तर औषधांची बिलंसुद्धा त्यातच. महू तहसिलीतल्या एखाद्या गावात फाइल नसते. तिथे अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात नाव नोंदवलं की बाईच्या हातात एक छापील कार्ड पडतं. मध्य प्रदेशात त्यावर ‘मातृ एवं बाल सुरक्षा कार्ड’ असं लिहिलेलं असतं, बोलताना लोक जच्चा-बच्चा कार्ड किंवा नुसतं टीक्याचं कार्ड म्हणतात. सरकारी कागदांत देशभर त्याचं नाव एकच, एमसीपी कार्ड.

शहरातल्या बऱ्याच लोकांना ते लसीचं कार्ड वाटतं आणि गावातल्या बऱ्याच लोकांना योजनेच्या पैशाचं. दोघांचंही चूक नाही. पण हे कार्ड मुळात ज्यासाठी छापलं जातं ते काम वेगळं आहे. ज्या डॉक्टरने किंवा नर्सने या बाईला आजवर कधी पाहिलेलं नाही, तिला पाच मिनिटांत या गरोदरपणाची सगळी हकीगत कळावी, हे ते काम. बाकी सगळे उपयोग नंतरचे.

अनोळखी डॉक्टरची गाठ पडते तरी केव्हा? इथे आपल्या चालीरीतींचाच एक पेच आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि पहिलटकरीण माहेरी जाते. इंदूरहून जळगाव, भुसावळ, अकोला, पुणे, किंवा तिकडून इंदूरला. सातवा महिना म्हणजे साधारण अठ्ठाविसावा आठवडा. गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा जो आजार असतो तो विसाव्या आठवड्यानंतर सुरू होतो आणि जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत डोकं वर काढतो. साखरेची दुसरी तपासणी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत असते. बाळ आडवं आहे की पायाळू, याला महत्त्व येतं तेही शेवटी. म्हणजे धोका वाढायला लागतो नेमका त्याच वेळी आपण दवाखाना बदलतो. आधीचे सहा महिने जिने पाहिले ती डॉक्टर मागे राहते आणि पुढचे तीन महिने पाहणारीला मागचं काहीच माहीत नसतं.

गावातल्या बाईचा दवाखाना बदलतो तो माहेरपणामुळे कमी, पोटापाण्यामुळे जास्त. बडवानी, खरगोन, अलीराजपूर, झाबुआकडची कुटुंबं मजुरीसाठी गुजरातेत जातात, किंवा इंदूरला येतात. आपल्याच कॉलनीत उभ्या राहणाऱ्या इमारतीवर विटा वाहणारी बाई अनेकदा तिकडचीच असते. नाव नोंदवलेलं गावात, पोट वाढतंय इथे, आणि बाळंतपण कुठे होईल ते ठेकेदाराच्या कामावर अवलंबून. शिवाय सगळ्यात मोठा बदल होतो तो अडचणीच्या रात्री. उपकेंद्रातून मानपूर, मानपूरहून महू, महूहून इंदूरचं एम.वाय. रुग्णालय. दर टप्प्यावर नवे चेहरे, आणि सोबत आलेली सासू किंवा दीर यांना ‘बीपी किती होतं?’ या प्रश्नाचं उत्तर माहीत असण्याचं काही कारण नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं सरकारी रजिस्टरात असतंच की. असतं. गावच्या एएनएम दीदीकडे, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सकडे, मोठं रजिस्टर असतं, आता ‘अनमोल’ नावाचं अ‍ॅप आणि टॅबलेटही आहे, आणि प्रत्येक गरोदर बाईला एक आरसीएच क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदणीचा क्रमांक, मिळतो. पण रजिस्टर उपकेंद्रातून हलत नाही. खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरसमोर ते अ‍ॅप नसतं. रात्री दोनला लेबर रूममध्ये कुणी पोर्टल उघडून बसत नाही, समोरच्या कार्डाकडे पाहतं. बाईबरोबर जो प्रवास करतो तो कागद एकच.

ही कल्पना नवी नाही. जपानने १९४२ साली, ऐन महायुद्धात, गरोदर बायकांसाठी अशी पुस्तिका काढली आणि १९४८ मध्ये आई आणि मूल दोघांची मिळून एकच केली. आपल्याकडे आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन्ही मंत्रालयांचं मिळून एक कार्ड २०१० च्या सुमारास आलं आणि २०१८ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने घरी ठेवायच्या नोंदींची शिफारस केली, मात्र अमुकच नमुना सर्वांत चांगला असं म्हणण्याइतका पुरावा नाही हेही मोकळेपणाने सांगितलं. आपल्या प्रांतात या गोष्टीची गरज किती, हे एका आकड्यावरून कळतं. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे मध्य प्रदेशात १७३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता आणि नर्मदा-तापी ओलांडली की लागणाऱ्या महाराष्ट्राचा ३३. कार्ड भरल्याने हा आकडा खाली येतो असं कुणी म्हणणार नाही. रस्ते, रक्तपेढ्या, डॉक्टर आधी हवेत. पण जी बाई डॉक्टरपर्यंत पोहोचली आहे, तिच्याबाबतीत मधली वीस मिनिटं विचारपूस करण्यात जायला नकोत.

आधी चार आकडे

कार्ड हातात आलं की अनुभवी नर्स पहिल्यांदा वजन पाहत नाही, लसही पाहत नाही. ती एक ओळ शोधते: जी ३, पी २, एल १, ए ०. जी म्हणजे कितव्यांदा दिवस गेलेत. पी म्हणजे त्याआधी बाळंतपणं किती झाली. एल म्हणजे त्यातली हयात मुलं किती. ए म्हणजे गर्भ पडला किंवा पाडला असं किती वेळा. वरच्या ओळीतली बाई तिसऱ्यांदा गरोदर आहे, दोन बाळंतपणं झाली आहेत, आणि मूल मात्र एकच आहे. एक गेलं. कसं गेलं? जन्मतःच मेलेलं होतं, की दोन दिवसांनी गेलं, की वर्षाच्या आत तापाने? पहिलं उत्तर आलं तर डॉक्टर एकदम सावध होते, कारण जे मागच्या वेळी झालं ते पुन्हा होण्याची शक्यता असते. कार्डात मागच्या बाळंतपणातल्या अडचणींसाठी जागा असते. सिझर, खूप रक्तस्राव, झटके, मृत जन्म, जे झालं असेल ते तिथे यायला हवं.

मागचं सिझर असेल तर कार्डावरची एक खूण पुरत नाही. ते का झालं होतं, हे तेव्हाच्या डिस्चार्जच्या कागदावर असतं. तो कागद जपून कार्डाच्या आतच ठेवावा. सिझरचा व्रण असलेल्या गर्भाशयाला कळा सोसताना फाटण्याचा धोका असतो, म्हणून अशा बाईचं बाळंतपण घरी किंवा शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या जागी होऊ द्यायचं नसतं. हे ठरवायला आठवा महिना ही योग्य वेळ आहे, कळा सुरू झाल्यावरची रात्र नव्हे.

तारीख: सगळ्या हिशेबाचा पाया

‘अंतिम माहवारी की तिथि’ ही ओळ लिहिताना सर्वांत घाई होते, आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं असतं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. गावात तारीख क्वचितच आठवते, सण मात्र बरोबर आठवतो. एखादी बाई म्हणाली, ‘रंगपंचमीच्या दोन दिवस आधी’, तर ते ‘आठवत नाही’पेक्षा कितीतरी चांगलं उत्तर आहे. २०२५ ची रंगपंचमी १९ मार्चला होती. म्हणजे पाळी १७ मार्च, आणि अंदाजे तारीख २४ डिसेंबर. भगोऱ्या, राखी, पोळा, दिवाळी, कशावरूनही हा हिशेब लागतो, फक्त लिहिणाऱ्या दीदीजवळ कॅलेंडर आणि दोन मिनिटं हवीत.

एका महिन्याची चूक झाली तर काय बिघडतं ते याच उदाहरणात पाहू. कुणी मार्चऐवजी एप्रिल लिहिलं. कार्डावर तारीख आली २४ जानेवारी. बाईला २४ नोव्हेंबरला कळा सुरू झाल्या. खरं म्हणजे तिला छत्तीस आठवडे पूर्ण झालेत. पण कार्ड पाहणाऱ्या डॉक्टरच्या हिशेबाने बत्तिसावाही पुरता झालेला नाही. चोवीस ते चौतीस आठवड्यांत बाळ येऊ घातलं तर त्याची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देतात आणि नवजात बाळांची अतिदक्षता सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात पाठवतात. म्हणजे जी बाई मानपूरलाच सुखरूप बाळंत झाली असती ती कळा घेत अँब्युलन्समध्ये इंदूरच्या वाटेवर. याच चुकीचा दुसरा परिणाम याहून वाईट. दिवस भरून गेले तरी कागद म्हणतो अजून वेळ आहे, आणि घरचे निवांत.

पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर ती ही तारीख पक्की करते. म्हणून तिचा कागद सर्वांत जुना असला तरी फेकायचा नसतो. नंतरच्या सोनोग्राफ्यांवरून काढलेल्या तारखा कमी भरवशाच्या असतात, हे शहरातल्या फाइलवाल्यांनाही सांगण्यासारखं आहे. नव्या रिपोर्टात नवी तारीख आली की आपण जुनी विसरतो.

एक आकडा पाहू नका, ओळ पाहा

मधल्या पानावर तपासण्यांचा तक्ता असतो. आडव्या ओळीत भेटी, उभ्या रांगेत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतलं प्रथिन आणि साखर, पोटाची उंची, बाळाचे ठोके, पायांवर सूज. किमान चार भेटी अपेक्षित आहेत. पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी चौदा ते सव्वीस, तिसरी अठ्ठावीस ते चौतीस, चौथी छत्तीस आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ भेटी सांगते, पण चार धड झाल्या तरी पुष्कळ.

रक्तदाबाची ओळ घ्या. १०२/६४, ११०/७०, १२२/८०, १३६/८८. सरकारी नियमाप्रमाणे यातला एकही आकडा धोक्याचा नाही, कारण धोक्याची रेषा १४०/९० ला आहे. शेवटच्या भेटीत बाईला पहिल्यांदाच पाहणारी नर्स ‘बीपी ठीक’ असं म्हणून महिन्याने ये म्हणेल. पण चारही आकडे एका ओळीत दिसले तर तीच नर्स आठवड्याने बोलावेल, लघवीत प्रथिन जातंय का पाहील आणि डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का हे विचारेल. घरी ठेवलेल्या नोंदीचं सगळं मोल या एका ओळीत आहे, असं मला वाटतं. सुटा आकडा कुठलंही मशीन देतं, चढ फक्त कागद दाखवतो.

पहिल्या भेटीचा आकडा तर सर्वांत मोलाचा, आणि तोच बहुधा कोरा असतो. तिसऱ्या महिन्यात रक्तदाब जास्त होता तर तो गरोदरपणाआधीचाच आहे, त्याचे उपचार वेगळे. विसाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदा चढला तर तो गरोदरपणामुळे आलेला, तो झपाट्याने बिघडू शकतो आणि झटक्यांपर्यंत जाऊ शकतो. पहिला रकाना कोरा असेल तर सातव्या महिन्यात कुणालाच सांगता येत नाही की हा कोणता. रक्तदाब १६०/११० च्या पुढे गेला, किंवा जोराची डोकेदुखी, धूसर दिसणं, पोटाच्या वरच्या भागात कळ, चेहऱ्यावर सूज यांपैकी काही असलं तर त्याच दिवशी रुग्णालय. झटके आलेल्या बाईला पुढे पाठवण्यापूर्वी एएनएमने मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायचा असतो. त्याची वेळ लिहूनच पाठवावं लागतं, नाही तर पुढच्या डॉक्टरला दुसरा डोस केव्हा द्यायचा ते कळत नाही.

हिमोग्लोबिनची ओळ वेगळ्या रीतीने बोलते. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्त कमी, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली गेलं की गंभीर आणि रुग्णालयातच न्यायचं. मध्यावर आकडा थोडा खाली येतो, कारण शरीरातलं पाणी वाढून रक्त पातळ होतं. पण लोहाच्या लाल गोळ्या नीट घेतल्या तर महिन्याभरात तो निदान एकाने वर जायला हवा. नाही गेला तर एकतर गोळ्या पोटात जात नाहीत, किंवा कारण दुसरं आहे. अलीराजपूर-झाबुआ-बडवानीच्या पट्ट्यात दुसरं कारण सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असू शकतं. तिथे नुसतं लोह देत राहून भागत नाही. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सिकल सेलची तपासणी आहे, आणि तिचा निकाल या कार्डासोबत असायलाच हवा.

गोळ्यांचं गणित असं. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. कॅल्शियमच्या दोन, पण लोहाबरोबर नाही. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. चहाबरोबरही नाही. गोळीने शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून बायका ती सोडतात आणि दीदी विचारते तेव्हा ‘खाते’ म्हणतात. कार्डावर ‘१८० दिल्या’ असं असतं. किती खाल्ल्या, यासाठी रकाना नाही. ते हिमोग्लोबिनचीच ओळ सांगते.

रक्तगटाबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. कार्डावर गट लिहिला म्हणजे अडचणीत लगेच त्या गटाचं रक्त चढवतील असं लोकांना वाटतं. तसं होत नाही, रक्तपेढी पुन्हा तपासून आणि जुळवूनच देते. गट आधी कळण्याचा उपयोग वेगळा. बाई निगेटिव्ह असेल तर घरच्यांना दाता आधी शोधून ठेवता येतो. आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन देता येतं, नाही तर पुढच्या बाळाला धोका. हे इंजेक्शन हुकलं तर या बाळंतपणात काहीच कळत नाही, कळतं ते पुढच्या वेळी.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर डॉक्टरकडून गरोदर बायकांची तपासणी होते, २०१६ पासून. जोखमीच्या बाईच्या कार्डावर तिथे लाल स्टिकर लावतात, नसेल तर हिरवा. लाल स्टिकर पाहून बायका घाबरतात, घरचे कुजबुजतात. त्याचा अर्थ एवढाच की या बाईला मोठ्या दवाखान्यात न्यायचं हे आत्ताच ठरवून ठेवा.

सुरेख भरलेलं कार्ड

आता जरा अप्रिय. काही कार्डं इतकी सुरेख भरलेली असतात की शंका यावी. चारही भेटी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या. रक्तदाब चारही वेळा ११०/७०. हिमोग्लोबिन ९.२, ९.२, ९.२, ९.२. बाईचं रक्त असं एका जागी उभं राहत नाही. अशी नोंद कोऱ्या रकान्याहून घातक, कारण कोरा रकाना पाहून पुढची नर्स निदान मशीन तरी काढते.

यात सगळा दोष दीदीच्या माथी मारणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. एका उपकेंद्राकडे मैदानी भागात ५००० आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात ३००० लोकसंख्या, हा कागदावरचा हिशेब. लसीकरणाच्या दिवशी तिला मुलं, गरोदर बायका, रजिस्टर, अ‍ॅप आणि वर पाठवायचे आकडे हे सगळं एकाच दुपारी उरकायचं असतं. वर जाब विचारला जातो तो अ‍ॅपबद्दल. कार्ड न भरल्याबद्दल कुणी नोटीस काढत नाही, मग ते शेवटी राहतं. यावर बाहेरून एकच तोडगा चालतो. बाईने किंवा तिच्याबरोबरच्या माणसाने कार्ड पुढे करून म्हणायचं, ‘दीदी, आजचं बीपी यात लिहून द्या, आणि किती आहे ते मला सांगा.’ आकडा मोठ्याने उच्चारला गेला की तो खरा असण्याची शक्यता वाढते. अक्षर न येणाऱ्या बाईलाही ‘एकशे चाळीसच्या वर वाईट’ हे एक वाक्य लक्षात राहतं.

ट्रंक, आणि घरातले डोळे

कार्ड घरी असतं म्हणजे हाताशी असतंच असं नाही. जननी सुरक्षा योजनेत सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या ग्रामीण बाईला आपल्या राज्यात १४०० रुपये मिळतात. मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५००० रुपये, आणि २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६०००. या कामांना कार्ड लागतं. त्यामुळे ते जमिनीच्या कागदांबरोबर, पासबुक-आधारबरोबर ट्रंकेत जातं आणि किल्ली सासऱ्यांच्या जानव्याला किंवा सासूच्या कमरेला. पैशांनी कार्डाची किंमत वाढवली आणि त्याच पैशांनी ते बाईपासून दूर नेलं, असा हा प्रकार. कुठे कुठे रजिस्टर भरायला म्हणून आशाताई गावातली कार्डं गोळा करून आपल्याकडेच ठेवते. तिचा हेतू चांगला असतो. पण ती लग्नाला गेली त्याच रात्री कळा सुरू होतात.

यावर उपाय अगदी साधे आहेत. कार्ड एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, त्यातच आधारची झेरॉक्स, सोनोग्राफी, जुना डिस्चार्जचा कागद. आठव्या महिन्यापासून ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला. शिवाय पहिल्या आणि तपासणीच्या पानाचा फोटो नवऱ्याच्या आणि माहेरच्या एका माणसाच्या मोबाईलमध्ये, दर भेटीनंतर नवा. फोटो हा कार्डाला पर्याय नाही, पण १०८ मध्ये बसल्यावर कार्ड घरी राहिल्याचं लक्षात आलं तर तोच कामाला येतो.

घरात नोंद ठेवण्याची दुसरी बाजू मात्र अशा लेखांमध्ये फारशी येत नाही. कागद घरात आहे म्हणजे तो घरातले सगळे वाचू शकतात. ‘ए १’ हा आकडा सासरच्यांना माहीत नसलेली गोष्ट सांगत असू शकतो. एचआयव्हीचा निकाल कार्डावर उघड लिहायचा नसतो. २०१७ च्या कायद्याने त्याची गुप्तता बंधनकारक आहे आणि तो लिहिलेला दिसला तर हरकत घेण्याचा बाईला पूर्ण हक्क आहे. पण बाकीच्या गोष्टींना असं कवच नाही. म्हणून पहिल्या नोंदणीच्या वेळी दीदीने दोन मिनिटं बाईशी एकटीशी बोलावं. सासूबाईंना बाहेर बसा म्हणणं गावात सोपं नसतं. तरी ‘वजन करायचंय, आत ये’ एवढ्या निमित्तावर हुशार दीदी ते साधतात. डॉक्टरला जे कळायलाच हवं ते बाईने तोंडी सांगायचं आणि घरच्यांना कळण्याची गरज नाही ते कार्डावर कसं यावं हे तिलाच विचारायचं, इतपत माणुसकी शक्य आहे.

आपल्या फाइलचं काय

खासगी डॉक्टरकडे जाणाऱ्या घरांना हे कार्ड आपलं नाही असं वाटतं. वास्तविक ते त्यांनाही मिळतं, जवळच्या अंगणवाडीत किंवा शहरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं की झालं. आणि खरं सांगायचं तर चाळीस कागदांच्या फाइलपेक्षा ते बरं. फाइलमध्ये सगळं असतं आणि वेळेवर काहीच सापडत नाही. लेक सातव्या महिन्यात माहेरी निघाली की ओटीच्या सामानाबरोबर डॉक्टरांकडून एक पान मागून घ्यावं: शेवटच्या पाळीची तारीख, पहिल्या सोनोग्राफीवरची तारीख, रक्तगट, आतापर्यंतचे सगळे रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तारखांसह, साखरेच्या दोन्ही तपासण्या, चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी, आणि डॉक्टरांना वाटणारी काळजी एका ओळीत. बहुतेक डॉक्टर मागितलं तर देतात. मागत कुणी नाही.

घरी कामाला येणाऱ्या बाईला किंवा तिच्या सुनेला दिवस गेले असतील तर एवढं विचारायला हरकत नाही की कार्ड काढलं का, आणि ते गावी आहे की इथे. गावी असेल तर मागवून घ्यायला सांगा. इथल्या आरोग्य केंद्रात ते दाखवून पुढच्या तपासण्या त्याच कार्डावर करून घेता येतात. सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी २०११ पासून मोफत आहे. कार्ड हरवलं म्हणून कुणालाही बाळंतपणासाठी परत पाठवता येत नाही. कार्ड नसेल तर तपासण्या नव्याने होतील, एवढंच.

हरवलेल्या कार्डाची दुसरी प्रत जिथे नाव नोंदवलं तिथेच मिळते, कारण रजिस्टरात नोंद असते. आरसीएच क्रमांक कुठे तरी लिहून ठेवलेला असला की ती शोधणं सोपं जातं. बाळ झालं की त्याच कार्डाची पुढची पानं सुरू होतात. जन्मवेळचं वजन (अडीच किलोच्या खाली असेल तर बाळाला जास्त जपावं लागतं), वाढीचा तक्ता, मुलाचा वेगळा आणि मुलीचा वेगळा, आणि लसी. दीड वर्षाच्या लसी झाल्या की बहुतेक घरांत कार्ड रद्दीत जातं. पण पाच वर्षांची, दहा वर्षांची आणि सोळा वर्षांची लस अजून बाकी असते.